एका गोठ्यात दोन वैद्य : पशुवैद्यक व्यवसायातील परस्पर शिष्टाचार

मुखेड तालुक्यातील एखादे लहानसे गाव डोळ्यांसमोर आणावे. आदल्या रात्री व्यालेली संकरित गाय पहाटे खाली बसली, मान पोटाकडे वळवून पडून राहिली आणि तिचे कान थंड पडले. मालकाने जवळच्या खाजगी पशुवैद्यांना बोलावले. त्यांनी दुग्धज्वराचे निदान केले, शिरेतून कॅल्शियम दिले आणि ते दुसऱ्या गावच्या बोलावण्यावर निघून गेले. गाय लगेच उठली नाही. घाबरलेल्या मालकाने तासाभरात दुसऱ्या डॉक्टरांना आणले. त्यांनी आधीच्या उपचाराविषयी विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, "एक बाटली लावली होती साहेब, कशाची ते काय ठाव नाही."

येथून पुढे दोन वाटा फुटतात. पहिल्या वाटेने गेलेले डॉक्टर आधीच्या माणसाला नावे ठेवतात, पुन्हा कॅल्शियमची बाटली काढतात आणि उपचार पहिल्यापासून सुरू करतात. दुसऱ्या वाटेने जाणारे डॉक्टर गाईच्या हृदयाचे ठोके तपासतात, फेकलेली बाटली शोधायला सांगतात आणि पहिल्या डॉक्टरांना दूरध्वनी करून कोणते औषध, किती आणि केव्हा दिले हे विचारून घेतात. कॅल्शियम हे दुग्धज्वरावरचे खात्रीचे औषध खरे. परंतु शिरेतून ते घाईने अथवा थोड्या वेळात दुसऱ्यांदा गेले, तर हृदयाची क्रिया बिघडून जनावर जागीच दगावू शकते. म्हणजे त्या गाईचे प्राण औषधाइतकेच दोन डॉक्टरांमधील एका संभाषणावर अवलंबून असतात. असे संभाषण सहज व्हावे, त्यात कोणाला कमीपणा वाटू नये, यासाठी व्यवसायाने जी शिस्त घालून घेतली आहे, तिलाच व्यावसायिक शिष्टाचार म्हणतात.

शिष्टाचार कोणासाठी?

शिष्टाचार हा शब्द ऐकताच नमस्कार, मानपान, समारंभातील आसनव्यवस्था अशा गोष्टी मनात येतात. एका व्यवसायातील माणसांनी एकमेकांना सांभाळून घेण्याची ती रीत असावी, असाही अनेकांचा समज असतो. पशुवैद्यक व्यवसायात या शब्दाचा अर्थ याहून वेगळा आहे. रुग्ण मुका आहे. आपल्याला काल काय दिले, कोठे दुखते, कोणत्या औषधाने त्रास झाला, हे तो सांगू शकत नाही. मालक सांगतो तेही पुष्कळदा अपुरे असते. अशा स्थितीत आधीच्या वैद्याने पुढच्या वैद्याला दिलेली माहिती हीच रुग्णाची वाचा होय. दोन वैद्यांचे बोलणे तुटले की रुग्ण दुसऱ्यांदा मुका होतो.

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. नांदेडचे १६ आणि लातूरचे १० तालुके मिळून हा विस्तृत कृषिप्रधान टापू आहे. कंधार परिसराची लाल कंधारी, उदगीर-देवणी भागाची देवणी, मराठवाडी म्हैस आणि उस्मानाबादी शेळी हे येथील पशुधनाचे वैभव. त्याची देखभाल करणारे हात मात्र अनेक ठिकाणचे आहेत. जिल्हा परिषदेच्या दवाखान्यांतील पशुधन विकास अधिकारी, त्यांच्या हाताखालील पशुधन पर्यवेक्षक, जिल्ह्याच्या ठिकाणची सर्वचिकित्सालये, फिरती पथके, दूध संकलन संस्थांचे डॉक्टर, खाजगी व्यावसायिक आणि १९८७ मध्ये उदगीर येथे सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय, ही त्यांपैकी प्रमुख होत. एकच जनावर एका आठवड्यात यांपैकी तीन-चार हातांखालून जाते. हे हात एकमेकांना धरून असतील तर ती साखळी बनते. नसतील तर प्रत्येकाचे श्रम वेगवेगळे वाया जातात आणि खर्च मात्र शेतकऱ्याच्या एकाच खिशातून होतो.

विचार जुना, नियम नवे

वैद्यांनी एकमेकांशी कसे वागावे, हा प्रश्न आपल्याकडे प्राचीन काळीच विचारात घेतला गेला होता. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात एकाच विद्येच्या जाणकारांमधील चर्चेचे, म्हणजे तद्विद्यसंभाषेचे, दोन प्रकार सांगितले आहेत. एक संधायसंभाषा, म्हणजे स्नेहभावाने केलेली चर्चा. दुसरी विगृह्यसंभाषा, म्हणजे जिंकण्याच्या हेतूने केलेला वाद. स्नेहभावाच्या चर्चेत निःशंकपणे विचारावे, विचारले असता स्पष्ट सांगावे, हरण्याचे भय बाळगू नये, समोरचा निरुत्तर झाला म्हणून आनंद मानू नये आणि इतरांपुढे त्याची बढाई मारू नये, असा त्या उपदेशाचा आशय आहे. आजच्या कोणत्याही आचारसंहितेला ही पाच वाक्ये शोभून दिसतील.

युरोपात या विषयावरचा मान्यवर ग्रंथ भांडणातून जन्माला आला. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील मँचेस्टर येथे साथीच्या दिवसांत रुग्णालयातील वैद्यांमध्ये तंटा माजला. तो मिटवण्यासाठी नियम तयार करण्याचे काम टॉमस पर्सिव्हल या वैद्यावर सोपवण्यात आले. त्यातूनच १८०३ मध्ये त्यांचा वैद्यकीय नीतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. साथ आली असता वैद्य आपसांत भांडले तर रुग्णांचे हाल होतात, या अनुभवातून आलेले हे शहाणपण होते.

भारतात पशुवैद्यक व्यवसायाचे नियमन भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ या कायद्याने होते. नोंदणीकृत पशुवैद्यकांनी पाळावयाच्या व्यावसायिक आचरणाचे, शिष्टाचाराचे व नीतिसंहितेचे विनियम १९९२ मध्ये करण्यात आले. पशुपालकाविषयीची, व्यवसायाविषयीची आणि परस्परांविषयीची कर्तव्ये त्यांत सांगितली आहेत. तात्पर्य, सहकाऱ्याशी सौजन्याने वागणे ही केवळ स्वभावाची गोष्ट राहिलेली नाही. ती व्यवसायाच्या अधिकृत कर्तव्यांपैकी एक आहे.

पहिला प्रश्न : आधी कोण आले होते?

गोठ्यात शिरताच विचारावयाचा पहिला प्रश्न हाच होय. तो चौकशीच्या सुरात विचारावा, उलटतपासणीच्या सुरात नव्हे. "आधी कोणाला दाखवलेत?" असे दरडावून विचारले की मालक ओशाळतो आणि "कोणालाच नाही" असे सांगून मोकळा होतो. मग तीन दिवस दिलेले प्रतिजैविक पुढच्या वैद्याला कळत नाही. तो तेच पुन्हा देतो, किंवा ते अर्धवट सोडून दुसरे सुरू करतो. अर्धवट मात्रांमुळे जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि दुधात औषधाचा अंश किती दिवस राहील याचा हिशेबही चुकतो. त्या दुधाचा ग्राहक लातूरच्या किंवा नांदेडच्या पेठेतील एखादे लहान मूल असू शकते.

या प्रश्नाची दुसरी बाजू पहिल्या वैद्याकडे आहे. निघण्यापूर्वी त्याने रोगाचे संभाव्य निदान, औषधाचे नाव, मात्रा, दिल्याची वेळ आणि पुढे काय पाहावे, एवढे चार ओळींत लिहून मालकाच्या हाती द्यावे. "माझा रुग्ण दुसऱ्याकडे जाईल" या भीतीने चिठ्ठी न देणे हा शिष्टाचाराचा भंग आहे. मालकाला दुसरा सल्ला घेण्याचा अधिकार आहे; चिठ्ठी अडवून तो अधिकार संपत नाही, फक्त जनावराचा धोका वाढतो.

मालकापुढे टीका नको

"हे कोणी केले? अजून तासभर उशीर झाला असता तर जनावर गेलेच होते," हे वाक्य उच्चारणे सोपे असते. त्याने बोलणाऱ्याची प्रतिष्ठा क्षणभर वाढल्यासारखी वाटते. परंतु नंतर येणाऱ्या वैद्याला एक मोठी सोय असते, ती म्हणजे रोगाची लक्षणे तोवर उघड झालेली असतात. पहिल्या दिवशी केवळ ताप आणि चारा न खाणे एवढेच दिसते. तिसऱ्या दिवशी गळ्यावर सूज आली की घटसर्प कोणालाही ओळखता येतो. पहिल्या वैद्याने पहिल्या दिवशी काय पाहिले हे जाणून घेतल्यावाचून त्याचे निदान चुकीचे ठरवणे अन्यायाचे आहे.

अशा टीकेचा खरा तोटा पुढे होतो. गावाचा विश्वास एका डॉक्टरावरून उडतो तो दुसऱ्यावर बसतोच असे नाही. बहुधा तो सर्वांवरूनच उडतो आणि पुढच्या वेळी जनावर डागण्या देणाऱ्याकडे नेले जाते. मतभेद असेल तर तो पहिल्या वैद्याशी एकांतात किंवा दूरध्वनीवर बोलावा. मालकाला मात्र आजची स्थिती, आजचा उपचार आणि त्यातील धोका सरळ शब्दांत सांगावा.

पाठवणे आणि परत पाठवणे

म्हशीच्या गर्भाशयाला पीळ पडला आहे आणि गावातील प्रयत्नांना यश येत नाही, अशा वेळी तिला उदगीरच्या महाविद्यालयातील रुग्णालयात किंवा जिल्ह्याच्या सर्वचिकित्सालयात हलवावे लागते. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागातून असा प्रवास म्हणजे मालकाच्या दृष्टीने टेम्पोचे भाडे, बुडालेला दिवस आणि मनाला लागलेला घोर. सोबतच्या चिठ्ठीत कळा केव्हा सुरू झाल्या, पीळ कोणत्या बाजूचा वाटला, म्हशीला लोळवून पीळ सोडवण्याचा प्रयत्न किती वेळा केला आणि कोणती इंजेक्शने दिली, हे लिहिलेले असेल तर तेथील शल्यचिकित्सकाचा अमूल्य वेळ वाचतो. कळा वाढवणारे इंजेक्शन आधी दिले असल्यास ते सांगणे तर अत्यावश्यक. कारण पीळ कायम असताना त्या औषधाने गर्भाशय फाटण्याची भीती असते. आपण ते द्यायला नको होते असे आता वाटत असले, तरीही ते लिहावे. प्रामाणिकपणाची खरी परीक्षा याच ओळीत होते.

मोठ्या रुग्णालयाचेही कर्तव्य आहे. उपचार झाल्यावर जनावर पुन्हा गावच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली जाते. टाके केव्हा काढावेत, कोणते औषध किती दिवस चालू ठेवावे, याची उलट चिठ्ठी त्यांच्या नावाने जावी. "तुमच्या गावच्या डॉक्टरांनी वेळेवर पाठवले म्हणून बरे झाले," असे एक वाक्य मालकाला सांगितल्याने मोठ्या रुग्णालयाचे काही कमी होत नाही. उलट पुढच्या वेळी गावचा डॉक्टर रुग्ण धरून ठेवत नाही, वेळेत पाठवतो.

धोक्याची सूचना

काही वेळा सहकाऱ्याने दिलेली सूचना ही वैद्याच्या स्वतःच्या जिवाचे रक्षण करते. पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश झालेली गाय काही आठवड्यांनी लाळ गाळू लागते, तिला गिळता येत नाही आणि घशात काहीतरी अडकले असावे असे पाहणाऱ्याला वाटते. नवखा डॉक्टर सरळ तोंडात हात घालतो. आदल्या दिवशी येऊन गेलेल्या वैद्याला संशय आला होता, पण तो त्याने कोणाला सांगितला नाही, तर त्या मौनाची किंमत एका माणसाच्या प्राणाने मोजावी लागू शकते. कारण रेबीजची लक्षणे उमटल्यावर रुग्ण वाचण्याची आशा जवळजवळ नसते.

सांसर्गिक गर्भपाताचेही असेच आहे. गाभडलेल्या गाईची अडकलेली वार उघड्या हाताने काढणाऱ्या कर्मचाऱ्याला त्या रोगाचे जंतू बाधू शकतात आणि महिनोन्‌महिने ताप व सांधेदुखी सोसावी लागते. फाशी रोगाचा संशय असलेले शव उघडू नये, हा नियम सर्वांना पाठ असतो. परंतु संशय होता हेच पुढच्या माणसाला कळवले नाही तर नियम पाळणार कोण? अशा प्रसंगी सूचना देण्यात शासकीय आणि खाजगी, पदवीधर आणि पदविकाधारक असा भेद करता कामा नये.

पदवीधर, पर्यवेक्षक आणि बाजार

गावात प्रथम पोचणारा माणूस पुष्कळदा पशुधन पर्यवेक्षक असतो. १९८४ च्या कायद्याने राज्य शासनाला अशा पदविका किंवा प्रमाणपत्रधारकांना लसीकरण, खच्चीकरण, जखमांची मलमपट्टी यांसारख्या किरकोळ सेवा देण्याची परवानगी देण्याचा अधिकार दिला आहे. मात्र त्या सेवा नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली व मार्गदर्शनाखाली द्यावयाच्या असतात. येथे शिष्टाचार दुहेरी आहे. पर्यवेक्षकाने आपली मर्यादा ओळखून वेळीच वरिष्ठांना बोलवावे आणि केलेले काम लपवू नये. पशुवैद्यकाने चार लोकांत त्याचा पाणउतारा करू नये. ज्याचा एकदा जाहीर अपमान झाला, तो दुसऱ्यांदा खरी माहिती सांगायला धजत नाही.

कृत्रिम रेतनातही हाच न्याय लागू होतो. कोणत्या वळूची कांडी वापरली याची नोंद एका कर्मचाऱ्याकडून दुसऱ्याकडे गेली नाही, तर लाल कंधारी आणि देवणी यांसारख्या जातिवंत पशुधनाची वंशावळ मध्येच तुटते.

माळेगावची यात्रा किंवा हाळी-हंडरगुळीचा बैलबाजार येथे आणखी एक प्रसंग उद्भवतो. विकणाऱ्याच्या डॉक्टरांनी बैल निर्दोष ठरवला आणि घेणाऱ्याच्या डॉक्टरांना त्याच्या मागच्या पायात दोष दिसला, तर कोणाचे खरे? दोघेही आपापल्या वेळी खरे असू शकतात. म्हणून दाखल्यावर तपासणीचा दिवस, वेळ आणि त्या वेळी आढळलेली स्थिती लिहावी, आणि दुसऱ्याच्या दाखल्यावर शेरा न मारता आपल्याला आढळले ते नमूद करावे. व्यवहार मोडला तरी हरकत नाही. दोन डॉक्टरांचा तमाशा बाजारात होऊ नये.

सहकाऱ्याच्या घरचे जनावर आजारी पडल्यास तपासणीची फी न घेण्याची रीत वैद्यक व्यवसायात जुनी आहे. ती स्वागतार्ह आहे, पण तिला मर्यादा आहेत. ही सवलत देणाऱ्याने आनंदाने द्यावी, घेणाऱ्याने हक्काने मागू नये, आणि औषधांचा खर्च त्याने आपणहून द्यावा. शासकीय दवाखान्यातील सेवाशुल्क माफ करणे हा तर अधिकाऱ्याच्या मर्जीचा विषयच नव्हे.

सौजन्य म्हणजे पांघरूण नव्हे

येथे एक शंका रास्त आहे. डॉक्टरांनी एकमेकांवर टीका करायची नाही, तर चुकांवर पांघरूणच घातले जाणार नाही काय? शिष्टाचार चुकीला संरक्षण देत नाही. तो चूक सांगण्याची जागा ठरवून देतो. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचे उदाहरण घेता येईल. उपचार केलेल्या जनावराचे शव खाऊन गिधाडे मरतात असे सिद्ध झाल्यावर २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरासाठी होणाऱ्या उत्पादनावर भारतात बंदी आली. एखादा सहकारी माणसांसाठीचे तेच औषध जनावरांना देत असल्याचे आढळले, तर पहिली पायरी म्हणजे त्याच्याशी समक्ष बोलणे. अज्ञानाने झालेली चूक बहुधा तेथेच थांबते. ती थांबली नाही तर वरिष्ठांकडे किंवा राज्य पशुवैद्यक परिषदेकडे पुराव्यासह लेखी जावे. मालकाने स्पष्ट प्रश्न विचारल्यास त्याला खोटे सांगू नये. गोठ्यातील कुजबुज आणि कार्यालयातील मौन, या दोन्ही गोष्टी सारख्याच त्याज्य आहेत.

साथीने दिलेला धडा

या शिस्तीची कसोटी २०२२ मध्ये लागली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून लम्पी चर्मरोगाच्या बातम्या आल्या आणि पाहता पाहता तो राज्यभर पसरला. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात गोवंशीय जनावरांची संख्या सुमारे १ कोटी ४० लाख होती. एवढ्या पशुधनाला शेळ्यांच्या देवीची लस टोचण्याचे काम एकट्या शासकीय यंत्रणेला पेलणारे नव्हते. खाजगी पशुवैद्यक आणि महाविद्यालयांतील आंतरवासिता विद्यार्थी यांचीही मदत घेण्यात आली. जेथे कोणत्या गोठ्यात लस झाली, कोठे गाठी दिसल्या, कोणाकडे जाऊन कोणाकडे जायचे नाही, ही माहिती रोज सायंकाळी एकत्र येते, तेथेच अशी मोहीम नीट चालते. जेथे "आमचे गाव, तुमचे गाव" सुरू होते, तेथे रोगाला मधली वाट मिळते.

याहून मोठे उदाहरण बुळकांडीचे आहे. शतकानुशतके गोठेच्या गोठे रिकामे करणारा हा रोग जगातून नाहीसा झाल्याची घोषणा २०११ मध्ये झाली. त्यामागे लस होतीच; परंतु एका खेड्यातील संशय तालुक्याला, तालुक्याचा जिल्ह्याला आणि एका देशाचा दुसऱ्या देशाला वेळेवर कळवणाऱ्या असंख्य अनाम पशुवैद्यकांचा परस्परविश्वासही होता.

गावाचा वाटा

हा शिष्टाचार केवळ डॉक्टरांनी पाळून भागत नाही. पशुपालकाने प्रत्येक जनावराच्या उपचाराचे कागद एका पिशवीत सांभाळावेत, रिकामी बाटली व वेष्टन डॉक्टर येईपर्यंत फेकू नये आणि आधी कोणाला दाखवले हे निःसंकोच सांगावे. शिक्षकांना शाळेतील मुलांकरवी ही सवय घराघरांत पोचवता येईल. बारा अंकी कानबिल्ल्याचा क्रमांक आणि औषधाची तारीख वहीत उतरवण्याचे काम पाचवीतील मूलही करू शकते. पंचायत सदस्यांनी एका डॉक्टरासमोर दुसऱ्याची उणीदुणी काढण्याचा मोह टाळावा. अनुसूचित साथरोगाचा संशय आल्यास २००९ च्या प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमानुसार मालकाने ग्रामपंचायतीला आणि तेथून जवळच्या पशुवैद्यकाला कळवण्याची पद्धत आहे. ती प्रत्येक ग्रामपंचायतीने कार्यालयातील फलकावर ठळकपणे लावावी. तालुक्यातील शासकीय आणि खाजगी पशुवैद्यकांची महिन्यातून एखादी एकत्र बैठक पंचायत समितीच्या सभागृहात घडवून आणणे हेही अवघड नाही. एकमेकांचे चेहरे ओळखीचे असले की दूरध्वनी करताना हात अडखळत नाही.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असे आपण म्हणतो. वैद्य हे तलवारी नव्हेत. मुखेडच्या त्या गोठ्यात दुसऱ्या डॉक्टरांनी दूरध्वनी केला, औषधाची मात्रा व वेळ समजून घेतली, घाई न करता गाईला कुशीवरून उठवून नीट बसवले आणि वाट पाहिली, तर दुपारपर्यंत ती स्वतःच्या पायांवर उभी राहण्याची मोठी आशा असते. तिला कोणत्या डॉक्टरांनी वाचवले, हा प्रश्न मग उरत नाही. मालक दोघांनाही रामराम करतो.